किमान देय

बावीस वर्षांत एकही अकरा तारीख तिनं चुकवली नव्हती.
व्हर्ना स्टाकोविॲक, टोलेडो, ओहायो.
जेवणाच्या टेबलावर चार पाकिटं, चार चेक, चार तिकिटं.
तिकिटं आता आपसूक चिकटतात,
तरी ती प्रत्येकावर अंगठा दोनदा फिरवायची,
तापलेल्या पोराच्या छातीला विक्स चोळावं तसा.

वकिलाचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या माडीवर.
जिन्याला रबराचा वास.
त्यानं कागद चाळले, चष्मा कपाळावर ढकलला,
विचारलं, ठरलंय का तुमचं?
ती म्हणाली, अजून कुठे.
तो म्हणाला, ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी हात आखडायचा.
कार्डावर नवं काही घ्यायचं नाही, कांद्याची जुडीसुद्धा नाही,
आणि जुनं फेडायचं नाही.
आता भरताय ते चाळणीत पाणी.
त्यापेक्षा माझी फी साठवा.
हे तो हसून म्हणाला, पण खोटं म्हणाला नाही.

आणि बहिणीचे नऊशे?
तेही नाही. ते तर नाहीच.
आधी रक्ताचं फेडलं आणि बाकीच्यांना ठेंगा दाखवला,
असं दिसतं कोर्टाला.

ती जिना उतरली. खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

अकरा जानेवारी. तिनं भरले.
अकरा फेब्रुवारी. भरले.

लेनर्ड गेला ऑक्टोबरात.
बिलाच्या यादीत तो अजून आहे:
हॉस्पिटलचं पार्किंग, चौदा डॉलर. पार्किंग, चौदा. पार्किंग.
डब्यातले पीच, जे त्यानं मागितले आणि खाल्ले नाहीत.
त्या पीचांवर सत्तावीस टक्के.
न भरणं म्हणजे, तिला वाटायचं,
आपण तिथे रोज गेलोच नव्हतो असं म्हणणं.

माझ्या भाषेत या गोष्टीला दिवाळं म्हणतात.
शब्दातच एक दिवा आहे,
भर दुपारी पेढीवर लावून ठेवलेला, म्हणे.
तिच्या भाषेतल्या शब्दात एक मोडलेलं बाकडं.
तिला यातलं काही माहीत नाही.
तिला अकरा तारीख माहीत आहे.

मार्चमध्ये, शाळेच्या जेवणाच्या रांगेत, ओरिन.
ज्याच्या खात्यात शिल्लक नाही त्याला गरम काही नाही,
गार चीज सँडविच, असा नियम,
आणि तो पाळायचा हातमोजे घालून तिनंच.
ओरिनचं खातं तीन दिवस लाल.
तो म्हणाला, उद्या आणतो.
काल म्हणाला होता तसंच, मान खाली न घालता,
ट्रे पुढे धरून, नगेट्सकडे बघत.
तिनं नगेट्स वाढले. सहा. मग अजून एक.
यंत्रावर कुठलं बटण दाबलं ते कुणाला सांगितलं नाही.

अकरा मार्च. फुटपाथच्या कडेला बर्फ काळं पडलेलं.
पाकिटं आधीच तयार होती, तिकिटांसकट.
तिनं पेनचं टोपण काढलं.
बाहेर शेजाऱ्याचा ट्रक सुरू होईना,
होईना,
झाला.
तिनं टोपण लावलं.
एवढंच. काही कोसळलं नाही. फ्रिज गुरगुरत राहिला.

मग एका पाकिटावरचं तिकीट नखानं सोडवायला घेतलं.
कोपरा फाटला.
तरी ते दुसऱ्या पाकिटावर लावलं, अंगठा दोनदा,
आणि आत फ्लॉरेन्सला, सॅगिनॉच्या पत्त्यावर, पाच ओळी:

यात चेक नाही. का ते अजून विचारू नकोस.
रविवारी फोन कर, पण दोनदा वाजू दे, ठेव,
आणि पुन्हा लाव.
आता इथे फोन खूप वाजणार आहे.
तुझा कुठला ते मला कळलं पाहिजे.